गिटार वाजवता येत नव्हती, पण त्याने बनवलेले ॲम्प ७० वर्षांनंतरही दुरुस्त होतात: लिओ फेंडरची गोष्ट

रॉक म्युझिक ऐकणाऱ्यांना 'फेंडर' हे नाव वेगळं सांगायला नको. जिमी हेंड्रिक्सच्या हातातली ती प्रसिद्ध स्ट्रॅटोकास्टर गिटार याच कंपनीची. ३० जानेवारी १९६९ रोजी बीटल्सनी लंडनमध्ये आपल्या ऑफिसच्या गच्चीवर शेवटचा जाहीर कार्यक्रम केला, तेव्हा त्यांच्या मागे ठेवलेले गिटार ॲम्पसुद्धा फेंडरचेच होते.

गंमत म्हणजे ज्याच्या आडनावावरून ही कंपनी ओळखली जाते, त्या लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. सुरात लावायलाही दुसऱ्या कुणाला तरी बोलवावं लागायचं. त्याने शिक्षण घेतलं होतं हिशेबनिसाचं आणि पोट भरलं ते रेडिओ दुरुस्त करून.

मग वाद्य न वाजवणाऱ्या माणसाने जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध गिटार आणि ॲम्प कसे काय बनवले? आणि १९५०च्या दशकातला त्याचा एखादा ॲम्प आज बंद अवस्थेत सापडला, तर तो पुन्हा का सुरू होऊ शकतो? दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं, ते म्हणजे त्याच्या दुरुस्तीच्या टेबलावर.

आधी हे समजून घेऊ: व्हॉल्व्ह ॲम्प म्हणजे काय?

तुमच्या आजी-आजोबांना विचारा. पूर्वी घरात मर्फी किंवा बुशचा मोठा लाकडी रेडिओ असायचा. मर्फीचा कारखाना तर आपल्या ठाण्यातच होता. हा रेडिओ बटण दाबल्या दाबल्या बोलायचा नाही. आधी आतले काचेचे दिवे तापायचे, मंद नारिंगी उजेड दिसायचा आणि मग आवाज यायचा. ते दिवे म्हणजेच व्हॉल्व्ह.

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची बंद नळी. आत एक भाग तापवला जातो. तो तापला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि समोरच्या पट्टीकडे धावतात. मध्ये बारीक तारेची जाळी असते. या जाळीला गिटारकडून आलेला अगदी कमजोर सिग्नल दिला, की ती इलेक्ट्रॉनची वाट कधी मोकळी करते, कधी अडवते. नळाची तोटी बोटाने फिरवावी आणि पाण्याचा जोर कमी-जास्त व्हावा, तसंच. छोट्या सिग्नलच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह नाचतो आणि स्पीकर हलतो.

१९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ट्रान्झिस्टर तयार झाला. तो लहान होता, पुढे स्वस्तही झाला आणि तापण्याची वाट बघायची गरज नव्हती. रेडिओ आणि टीव्हीतून व्हॉल्व्ह हळूहळू हद्दपार झाले. गिटारवाल्यांनी मात्र ते सोडले नाहीत.

कारण असं की, कोणताही ॲम्प क्षमतेपेक्षा जास्त जोरात चालवला की आवाज फाटतो. साध्या ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये तो एकदम, कर्कश फाटतो. व्हॉल्व्हमध्ये तो हळूहळू फाटत जातो, जाड आणि भरदार होतो. ब्लूज आणि रॉकमधल्या गिटारचा जो आवाज आपल्याला ओळखीचा वाटतो, तो या फाटण्यातूनच आलेला आहे.

संत्र्यांच्या बागेतला मुलगा

क्लॅरेन्स लिओनिडस फेंडर हे त्याचं पूर्ण नाव. जन्म १० ऑगस्ट १९०९. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, ॲनाहाइम आणि फुलर्टन या दोन गावांच्या मधल्या भागात त्याच्या आई-वडिलांची संत्र्यांची बाग होती.

आठ वर्षांचा असताना डोळ्यात गाठ झाल्यामुळे त्याचा डावा डोळा काढावा लागला. पुढचं सगळं आयुष्य त्याने एका डोळ्यावर आणि एका काचेच्या डोळ्यावर काढलं. सोल्डरिंगसारखं बारीक काम करणाऱ्या माणसासाठी ही लहान गोष्ट नव्हती. दुसऱ्या महायुद्धात त्याला सैन्यात जावं लागलं नाही, ते याच कारणाने.

त्याचे एक मामा गाड्यांच्या वायरिंगचं आणि बॅटरीचं दुकान चालवायचे. लिओ १३-१४ वर्षांचा असताना त्यांनी त्याला टाकाऊ रेडिओच्या सुट्या भागांनी भरलेलं एक खोकं पाठवलं. पुढे त्यांच्या दुकानात गेल्यावर मामांनी स्वतः जुळवलेला रेडिओ मोठ्या आवाजात वाजताना त्याने ऐकला आणि तो या विषयात ओढला गेला. शाळेत असतानाच तो घरी रेडिओ दुरुस्त करू लागला.

गंमत बघा, त्याने इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण मात्र कधीच घेतलं नाही. १९२८ मध्ये शाळा संपल्यावर त्याने फुलर्टनच्या ज्युनिअर कॉलेजमध्ये अकाउंटिंग निवडलं. नंतर बर्फ आणि कोल्ड स्टोरेजच्या कंपनीत आधी माल पोचवण्याचं आणि मग हिशेबाचं काम केलं. त्याच काळात एका बँडवाल्याने नाचाच्या कार्यक्रमांसाठी लाउडस्पीकरचे सहा सेट बनवून मागितले. लिओने ते बनवून दिले. गिटार नव्हे, तर लोकांपर्यंत आवाज पोचवणारा ॲम्प, ही त्याची खरी सुरुवात.

नोकरी गेली, दुकान उघडलं

१९३० चं दशक म्हणजे अमेरिकेतल्या महामंदीचा काळ. लिओचं १९३४ मध्ये एस्थरशी लग्न झालं. राज्याच्या महामार्ग खात्यात आणि नंतर टायरच्या कंपनीत त्याने हिशेबनीस म्हणून काम केलं आणि मग ती नोकरीही गेली.

१९३८ मध्ये त्याने ६०० डॉलर उसने घेतले, फुलर्टनला परत आला आणि 'फेंडर रेडिओ सर्व्हिस' नावाचं दुकान थाटलं. तिथे रेडिओ दुरुस्त व्हायचे, रेकॉर्ड विकल्या जायच्या, लाउडस्पीकर भाड्याने मिळायचे. आपल्याकडे स्टेशनबाहेर असायचं, तसंच दुकान समजा.

त्या काळात इकडे मुंबईतही अशाच यंत्रांवर काम चालू होतं. गांधीजींच्या किंवा नेहरूंच्या सभेचे जुने फोटो नीट बघितलेत, तर माइकवर 'शिकागो रेडिओ' असं नाव दिसेल. नाव शिकागोचं असलं तरी ती मुंबईच्या मोटवाने कुटुंबाची कंपनी. हजारो लोकांपर्यंत नेत्याचा आवाज पोचवणारे तिचे ॲम्प व्हॉल्व्हचेच होते. व्हॉल्व्हचा लाउडस्पीकर ॲम्प आणि व्हॉल्व्हचा गिटार ॲम्प ही सख्खी भावंडं आहेत.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सामान्य लोकांसाठी नवीन रेडिओ बनवणं थांबवलं. कारखाने लष्कराच्या कामाला लागले. घरातला रेडिओ बंद पडला तर दुरुस्त करण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. त्यामुळे लिओच्या टेबलावर कामाची रांग लागली. वेगवेगळ्या कंपन्यांचे ॲम्प आणि रेडिओ रोज उघडताना त्याला एक गोष्ट दिसत गेली: कुठला भाग आधी मरतो, कुठे हात पोचत नाही, कुठली वायर हलून हलून तुटते आणि कुठे कंपनीने पैसे वाचवायला हलका माल घातला आहे.

हे शिक्षण कुठल्याही कॉलेजात मिळत नाही. वस्तू बनवणाऱ्याला ती नवी असताना दिसते. दुरुस्त करणाऱ्याला ती मोडल्यावर दिसते. लिओने आधी हजारो मोडलेल्या वस्तू पाहिल्या आणि मग स्वतःची वस्तू बनवायला घेतली.

टेबलावरून कारखान्यात

दुकानात वादक यायचेच. त्यातला एक होता डॉक कॉफमन. तो मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन स्टील गिटार वाजवायचा आणि त्यालाही यंत्रांचा नाद होता. दोघांनी मिळून आपोआप रेकॉर्ड बदलणारं यंत्र बनवलं, गिटारचा पिकअप बनवला आणि महायुद्ध संपता संपता 'के अँड एफ' नावाने स्टील गिटार आणि ॲम्प विकायला सुरुवात केली. पिकअप म्हणजे तारेच्या हालचालीपासून विजेचा सिग्नल तयार करणारं चुंबक आणि कॉइल.

१९४६ मध्ये कॉफमन बाजूला झाला. धंदा वाढवायचा म्हणजे कर्ज आलं आणि त्याला ते नको होतं. लिओ एकटाच पुढे गेला. 'फेंडर इलेक्ट्रिक इन्स्ट्रुमेंट कंपनी' सुरू झाली. प्रिन्स्टन, डिलक्स, प्रोफेशनल ही त्याच्या पहिल्या ॲम्पची नावं. सुरुवातीचे ॲम्प पॉलिश केलेल्या लाकडी पेटीत यायचे. दोनेक वर्षांत त्यांच्यावर सुटकेसला लावतात तसं पिवळसर कापड आलं. या कापडामुळे त्या ॲम्पना आजही 'ट्वीड' म्हणतात.

लिओची कामाची पद्धत साधी होती. नवीन ॲम्प तयार झाला की तो एखाद्या वादकाला द्यायचा, आठवड्याच्या शेवटी तो डान्स हॉलमध्ये वाजवला जायचा आणि सोमवारी तक्रारींसह परत यायचा. स्वतःला वाजवता येत नसल्यामुळे माझा कान जास्त तयार, असा अहंकार त्याला करताच येत नव्हता. वाजवणारा सांगेल ते ऐकायचं, उघडायचं, बदलायचं. गिटार वाजवता न येणं त्याला नडलं नाही, ते बहुधा याच कारणाने.

चार स्क्रूंची गिटार

१९५० पर्यंत इलेक्ट्रिक गिटार म्हणजे बहुतेक वेळा पोकळ पोटाची महागडी गिटार. ॲम्पचा आवाज वाढवला की ती घोंघावायची. लिओने भरीव लाकडाची, सपाट गिटार बनवली. १९५० मध्ये ती आधी एस्क्वायर आणि मग ब्रॉडकास्टर या नावाने बाजारात आली. ग्रेच कंपनीकडे मिळतंजुळतं नाव आधीपासून असल्यामुळे १९५१ मध्ये तिचं नाव टेलिकास्टर झालं.

या गिटारमधली एक गोष्ट बघा. चांगल्या गिटारची मान तेव्हा शरीराला सरसाने कायमची चिकटवायचे. लिओने ती चार स्क्रूंनी जोडली. जुन्या कारागिरांना हे हलकं काम वाटलं. पण मान वाकली किंवा मोडली तर? चार स्क्रू काढा, दुसरी मान बसवा, संध्याकाळच्या कार्यक्रमाला हजर राहा. ही कल्पना वाद्य घडवणाऱ्या सुताराची नव्हती. ती रोज बंद पडलेल्या वस्तू उघडणाऱ्या मेकॅनिकची होती.

१९५१ मध्येच प्रिसिजन बेस आला. तोपर्यंत बेस म्हणजे माणसाएवढं उंच वाद्य, जे गाडीच्या टपावर बांधून न्यावं लागायचं. लिओने ते गळ्यात अडकवता येईल असं केलं. त्याच्या जाड आवाजासाठी १९५२ मध्ये 'बासमन' हा ॲम्प आला. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. ही तिन्ही वाद्यं आजही बनतात आणि त्यांच्या आराखड्यात मूलभूत बदल फारसा झालेला नाही.

झाकण उघडल्यावर काय दिसतं?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. १९५०च्या दशकातल्या फेंडर ॲम्पचं मागचं झाकण काढलं, तर पहिल्यांदा दिसतो आत चिकटवलेला एक कागद. कोणत्या खोबणीत कोणता व्हॉल्व्ह बसतो, हे त्यावर छापलेलं असतं. म्हणजे कार्यक्रमाच्या मध्येच व्हॉल्व्ह गेला, तर मेकॅनिकलाही बोलवायला नको. वादक स्वतः बल्ब बदलावा तसा तो बदलू शकतो. १९५३ पासूनच्या अनेक ॲम्पमध्ये याच कागदावर दोन अक्षरांचा शिक्का असतो. पहिलं अक्षर वर्षाचं, दुसरं महिन्याचं.

अजून आत गेलात की जाड फायबरची एक पट्टी दिसते. तिच्यावर रेझिस्टर आणि कपॅसिटर एका रांगेत, मध्ये जागा सोडून बसवलेले असतात. जुने मेकॅनिक ज्याला कंडेन्सर म्हणतात तोच हा कपॅसिटर. प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, प्रत्येक जोडावर सोल्डरिंगची कांडी पोचते. एक भाग काढायला दुसरे चार हलवावे लागत नाहीत.

हे जोडकाम हातानेच व्हायचं आणि ते करणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या, त्यातल्या कित्येक मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबांतल्या. त्या काळच्या अनेक ॲम्पच्या आत चिकटपट्टीच्या तुकड्यावर पेनाने लिहिलेलं एखाद्या बाईचं पहिलं नाव सापडतं. कोणाच्या हातचं काम आहे हे कळावं म्हणून ते लिहिलेलं असायचं. कंपनीच्या जाहिरातीत या बायका कधी दिसल्या नाहीत, पण आज ॲम्प उघडणारा माणूस आधी ते नाव वाचतो.

आणि दणकटपणा? डिक डेल नावाचा एक गिटारवादक कॅलिफोर्नियात हजारोंच्या गर्दीसमोर इतक्या जोरात वाजवायचा की ॲम्प आणि स्पीकर जळून जायचे. लिओ जळालेला ॲम्प परत घ्यायचा, दुरुस्त करायचा, आणखी मजबूत करून द्यायचा. या जाळण्या-बनवण्यातून १९६०च्या सुमारास 'शोमन' हा ताकदवान ॲम्प तयार झाला.

लंडनच्या दुकानातली नक्कल

१९६०च्या सुरुवातीला लंडनमध्ये जिम मार्शल नावाचे एक ड्रम शिक्षक वाद्यांचं दुकान चालवायचे. इंग्लंडमधल्या पोरांना अमेरिकन फेंडर ॲम्प परवडत नव्हते. मार्शल यांच्याकडच्या केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन या तंत्रज्ञांनी मग १९५९ च्या बासमनचं सर्किट समोर ठेवलं आणि इंग्लंडमध्ये मिळणाऱ्या भागांतून तसाच ॲम्प जुळवला. भाग बदलले, व्हॉल्व्ह बदलले, स्पीकर बदलले आणि आवाजही वेगळा झाला. तो मार्शलचा पहिला ॲम्प, जेटीएम ४५.

हेंड्रिक्सने १९६९ मध्ये वुडस्टॉकला जो आवाज काढला, त्यात गिटार फेंडरची होती आणि ॲम्प मार्शलचे. म्हणजे दोन्ही टोकांना कुठे ना कुठे लिओच होता. आणि ही नक्कल शक्य झाली, कारण मूळ सर्किट उघडं होतं. झाकण काढा, वाचा, समजून घ्या.

तब्येत बिघडली, कंपनी विकली

कंपनी वाढत होती, पण लिओची तब्येत साथ देत नव्हती. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून त्याला सायनसच्या संसर्गाने पछाडलं होतं. आपण फार काळ जगणार नाही अशी त्याची समजूत झाली. शेवटी जानेवारी १९६५ मध्ये त्याने कंपनी सीबीएस या मोठ्या माध्यम कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. ६०० डॉलरच्या उसन्यापासून हा प्रवास २७ वर्षांत झाला होता.

त्यानंतर काही काळातच नव्या डॉक्टरांच्या उपचाराने तो बरा झाला! पण कंपनी हातातून गेली होती आणि करारामुळे काही वर्षं त्याला स्पर्धा करता येत नव्हती.

नव्या मालकांनी उत्पादन वाढवलं, खर्च कमी करण्यावर भर दिला, सर्किटमध्ये बदल केले. वादकांना फरक जाणवू लागला. तेव्हापासून बाजारात 'प्री-सीबीएस' हा शब्द रूढ झाला. म्हणजे १९६५ पूर्वीची वस्तू, जिला जास्त भाव मिळतो. एका माणसाच्या हातून सुटलेल्या कंपनीची तारीख अशी किमतीच्या पट्टीवर कायमची कोरली गेली. पुढे १९८५ मध्ये बिल शुल्ट्झ यांच्या पुढाकाराने कंपनीतल्याच लोकांनी ती सीबीएसकडून विकत घेतली.

लिओ मात्र गप्प बसला नाही. १९७० च्या दशकात त्याने 'म्युझिक मॅन' कंपनीसाठी काम केलं. तिथल्या ॲम्पमध्ये ट्रान्झिस्टर आणि व्हॉल्व्ह दोन्ही होते आणि १९७६ चा स्टिंगरे बेस गाजला. १९७९ मध्ये एस्थर वारली. त्याच सुमारास जुना सहकारी जॉर्ज फुलर्टनबरोबर त्याने 'जी अँड एल' सुरू केली. १९८० मध्ये फिलिसशी त्याचं दुसरं लग्न झालं.

पुढे त्याला पार्किन्सन्सचा आजार जडला. हाताला कंप असतानाही तो कारखान्यातल्या आपल्या टेबलावर जात राहिला. २१ मार्च १९९१ रोजी, ८१ व्या वर्षी तो गेला. त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत तो कामावर होता. त्याची कामाची खोली जी अँड एलने होती तशीच ठेवली. १९९२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव गेलं.

समजा, कल्याणमध्ये तुमच्या हाती असा ॲम्प आला...

आपल्याकडे हे ॲम्प दुर्मीळ आहेत. परवाना राजच्या काळात परदेशी ॲम्प मागवणं सोपं नव्हतं. पण एखाद्या नातेवाइकाने परदेशातून आणलेला गिटार ॲम्प, नाहीतर मंडळाच्या खोलीत धूळ खात पडलेला व्हॉल्व्हचा जुना लाउडस्पीकर ॲम्प निघू शकतो. तो पुन्हा जिवंत करायचा, तर क्रम असा असतो.

१. प्लग लावू नका. सगळ्यात मोठी चूक हीच होते. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या ॲम्पचे मोठे कपॅसिटर आतून सुकलेले असतात. थेट वीज दिली तर ते फुटू शकतात आणि ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो.

२. आत हात घालू नका. हे काम जाणकाराचंच. व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये ३०० ते ४५० व्होल्टपर्यंत दाब असतो. प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये तो काही काळ साठून राहू शकतो. जाणकार मेकॅनिक आधी तो रेझिस्टरमधून उतरवतो, मीटरने तपासतो आणि मगच कामाला लागतो.

३. व्होल्टेज बघा. अमेरिकन ॲम्प साधारण ११७ व्होल्टवर चालतो, आपल्याकडे २३० व्होल्ट येतात. मध्ये व्होल्टेज कमी करणारा योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लागतोच.

४. तीन पिनांची वायर. जुन्या अमेरिकन ॲम्पना दोनच पिना असायच्या, अर्थिंग नसायचं. शिवाय विजेची एक बाजू आणि ॲम्पचा लोखंडी सांगाडा यांच्यामध्ये एक कपॅसिटर असायचा. तो खराब झाला की सांगाड्यात आणि तिथून गिटारच्या तारांत करंट उतरू शकतो. मेकॅनिक त्याला 'मृत्यूचा कपॅसिटर' म्हणतात, ते उगाच नाही. तो काढून अर्थिंगची वायर बसवणं ही दुरुस्तीतली पहिली सुधारणा.

५. सुकलेले कपॅसिटर बदला. वीजपुरवठ्यातले मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयानुसार मरतात. ॲम्प मोठ्याने घूं घूं करत असेल तर संशय आधी यांच्यावर. बाकीचे भाग तपासून, बिघडलेले तेवढेच बदलायचे. सरसकट सगळं नवं घातलं तर जुन्या ॲम्पचा आवाजही जातो आणि किंमतही. काढलेले भाग पिशवीत घालून ॲम्पबरोबरच ठेवतात.

६. सिरीज बोर्डवर सुरू करा. आपल्याकडच्या प्रत्येक जुन्या मेकॅनिककडे हा असतो. विजेच्या वाटेत साधा पिवळा बल्ब जोडलेला असतो. ॲम्पमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि ॲम्प वाचतो. बल्ब मंद झाला तर पुढे जायचं. स्पीकर मात्र जोडलेला हवाच. स्पीकरशिवाय व्हॉल्व्ह ॲम्प जोरात चालवला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

व्हॉल्व्ह मिळतात का? हो. एकेकाळी बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये ते बनायचे. आता नवे व्हॉल्व्ह मुख्यतः चीन आणि युरोपातून येतात. ते ऑनलाइन मागवता येतात, आणि जुन्या सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोडची फेरी आहेच. खरी अडचण मेकॅनिकची आहे. व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करणारी पिढी आता थकली आहे, आणि ज्यांच्या हाताखाली कुणी तयार झालं नाही त्यांच्याबरोबर ती कला जाते आहे.

ही गोष्ट आज कशासाठी सांगायची?

आपल्या ब्लूटूथ स्पीकरचा विचार करा. दोन-तीन वर्षांत बॅटरी जाते. स्क्रू दिसत नाहीत, पेटी चिकटवलेली असते, आत कागद नसतो. दुकानदार सांगतो, नवीन घ्या. आपणही घेतो. जुना कुठल्या तरी कचऱ्याच्या ढिगात जातो.

ग्राहकांना वस्तू दुरुस्त करून घेण्याचा हक्क मिळावा, यासाठी केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्यासाठीचं पोर्टलही सुरू केलं. सुटे भाग मिळावेत, माहितीपुस्तिका मिळावी, कुठल्याही मेकॅनिककडे दुरुस्ती करता यावी, या त्यामागच्या अपेक्षा आहेत. लिओ फेंडरच्या ॲम्पमध्ये यातलं बरंच काही ७० वर्षांपूर्वी होतं. त्यासाठी कुठला कायदा नव्हता. बनवणाऱ्याने आधी दुरुस्तीच्या टेबलावर वर्षं काढली होती, इतकंच.

तेव्हा माळ्यावर किंवा मंडळाच्या खोलीत एखादा जड, काचेच्या दिव्यांचा ॲम्प पडून असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी, प्लग न लावता, त्याच्या मागच्या बाजूचा एक फोटो काढा आणि जवळच्या जुन्या रेडिओ मेकॅनिकला दाखवा. आत चिकटवलेला कागद अजून शाबूत असेल, तर त्याचं निम्मं काम आधीच झालेलं असेल.